बारा तास बसतो, तरी अभ्यास होत नाही

स्पर्धा परीक्षा करणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक एकच तक्रार घेऊन: दिवसभर अभ्यासिकेत असतो, पण रात्री काय वाचलं ते आठवत नाही. सदाशिव पेठेत राहणारा मराठवाड्यातला एक मुलगा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) थेटच म्हणाला, "मॅडम, बारा तास बसतो. माझं डोकंच कमी चालतं का?"

डोक्याचं नंतर बघू, आधी कालचा दिवस सांग, म्हटलं. सकाळी सातला टेबल धरलं. पॉलिटीच्या, म्हणजे राज्यव्यवस्थेच्या, चार पानांवर हायलायटर फिरवला. टेलिग्रामवर चालू घडामोडींची पीडीएफ आली, ती उतरवून घेतली. तिथेच आन्सर कीवरून वाद पेटला होता, तो वाचला. मग टपरीवर चहा आणि यंदा जागा किती निघणार ही रोजचीच चर्चा. परत आल्यावर पॉलिटीत मन लागेना, म्हणून इतिहास काढला. रील्स बघत नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. खरंच बघत नव्हता. त्याचा वेळ धास्तीत जात होता, आपलं काही सुटायला नको या.

अर्धवट सोडलेलं काम मनात रेंगाळतं आणि पुढचं बिघडवतं, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं. हायलायटर तर फसवाच. पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं. आठवड्याने लक्षात राहतं ते पुस्तक मिटून आठवलेलं. त्यात २०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. पूर्ण उत्तरं किती लिहिलीस, विचारलं तर म्हणाला, "सिलॅबस संपला की सुरू करणार." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता हसूही येत नाही.

ठरलं ते एवढंच. पुस्तक उघडण्याआधी चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा. 'राज्यपाल वाचणे' असा मोघम चालणार नाही. 'राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारावरून वाद का होतात?' असा हवा. त्याच्यापुरतं वाचायचं, पुस्तक मिटायचं, उत्तर हाताने लिहायचं. फोन सॅकमध्ये, टेलिग्राम रात्रीच्या जेवणानंतर एकदाच.

पहिल्याच आठवड्यात तास निम्म्यावर आले आणि तो घाबरला. उत्तरं लिहून होत होती, तरी अपराधी वाटत होतं. खोदून विचारल्यावर कळलं, वडील रोज रात्री फोनवर विचारतात, "आज किती तास झाला?" त्यांचंही चूक नाही. शेतीतून पैसे पाठवणाऱ्या माणसाने अभ्यास दुसऱ्या कशाने मोजायचा? म्हटलं, त्यांना तास सांगू नकोस, प्रश्न सांग.

"पप्पा, आज राज्यपालांवर लिहिलं," म्हणाल्यावर वडिलांनी विचारलं, "ते बारा आमदार नेमतात, ते कसं असतं रे?" सांगताना अडखळला, फोन ठेवून पुन्हा वाचलं, दुसऱ्या रात्री नीट समजावलं. एवढी चांगली रिव्हिजन मीही सुचवली नसती.

आता तो साधारण सात तास बसतो. अभ्यासिकेतले मित्र टोमणे मारतात, ते अजून लागतात त्याला. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

तुमचीही हीच तक्रार असेल तर चिठ्ठीपासून सुरुवात करून बघा. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.