५५ टक्के आणि ७८ टक्के: हद्दपारीचे दोन्ही आकडे खरे कसे?

तुमचा प्रश्न असा आहे: जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि इप्सॉस ही सर्वेक्षण संस्था यांच्या पाहणीत ५५ टक्के अमेरिकनांनी बेकायदा राहणाऱ्या सगळ्यांना हद्दपार करायला पाठिंबा दिला. त्याच वर्षी जूनमध्ये गॅलप या दुसऱ्या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीत ७८ टक्के म्हणाले की या लोकांना नागरिकत्वाची संधी मिळायला हवी. यातलं खोटं कोण, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भाच्याला काय सांगायचं?

खोटं कुणीच नाही. सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगतो: बातमीचा मथळा बाजूला ठेवा आणि लोकांना नेमकं काय वाचून दाखवलं गेलं ते आधी बघा. मोठ्या संस्था आपली प्रश्नावली शब्दन् शब्द प्रसिद्ध करतात. ती पाच मिनिटं वाचली तर बातमीपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

गॅलपचंच घ्या. तिथे बरेच उपाय एकामागून एक वाचले जातात आणि प्रत्येकाला ‘बाजूने’ की ‘विरोधात’ एवढंच विचारलं जातं. एक उपाय असा: बेकायदा राहणाऱ्या सगळ्यांना त्यांच्या देशात परत पाठवावं. दुसरा असा: त्यांनी ठरावीक काळात काही अटी पूर्ण केल्या तर त्यांना नागरिक होण्याची संधी द्यावी. जून २०२५ मध्ये पहिल्याला ३८ टक्के ‘बाजूने’ होते आणि दुसऱ्याला ७८ टक्के. बेरीज करा, ११६ होते. म्हणजे शंभरातल्या निदान सोळा जणांनी दोन्हींना होकार दिला. आदल्या वर्षीचे आकडे होते ४७ आणि ७०, त्यांची बेरीज ११७. ही माणसं गोंधळलेली आहेत असं मला वाटत नाही. पहिलं वाक्य ऐकताना त्यांच्या मनात कायदा मोडणं येतं, दुसरं ऐकताना ‘अटी पूर्ण केल्या’ हे शब्द कानात राहतात आणि शेजारी पंधरा वर्षं राबणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यांची दोन्ही मतं मनापासूनची असतात.

आता याच माणसांना दोन्हींतलं एकच निवडायला लावलं तर? क्विनिपिॲक विद्यापीठाने जून २०२५ मध्ये तेच केलं. बहुतेकांना कायदेशीर दर्जा मिळण्याचा मार्ग द्यावा म्हणणारे ६४ टक्के निघाले, बहुतेकांना हद्दपार करा म्हणणारे ३१ टक्के. ५५ आणि ३१ यांच्यातलं अंतर बघून लोक म्हणतात, सहा महिन्यांत मत फिरलं. काही प्रमाणात ते फिरलंही होतं, पण या अंतराचा मोठा भाग प्रश्नाच्या बांधणीतून आलेला आहे. एका ठिकाणी हो-नाही होतं, दुसरीकडे हे की ते.

माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक प्रश्न प्यू रिसर्च सेंटरने २०२५ च्या सुरुवातीला विचारला. सगळ्यांना हद्दपार करावं, काहींना करावं, की कुणालाच नाही? ‘सगळ्यांना’ ३२ टक्के, ‘कुणालाच नाही’ १६ टक्के आणि ‘काहींना’ ५१ टक्के. मग ‘काहींना’वाल्यांना विचारलं, कुणाकुणाला? हिंसक गुन्हे केलेल्यांना, असं ९७ टक्के म्हणाले. गेल्या चार वर्षांत आलेल्यांना, ४४ टक्के. नोकरी असलेल्यांना, १५ टक्के. लहानपणी आणलेल्यांना, ९ टक्के. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्यांना, अवघे ५ टक्के. ‘सगळ्यांना’वाले ३२ टक्के यात मिळवले, तर हिंसक गुन्हेगारांच्या हद्दपारीला देशात ८० टक्क्यांच्या वर पाठिंबा भरतो आणि नागरिकाचा नवरा किंवा बायको असलेल्यांसाठी तोच पाठिंबा ३५ च्या आसपास येतो. देश तोच, आठवडाही तोच. ‘अमेरिकेला हद्दपारी हवी आहे का?’ या प्रश्नाला एकच आकडा नाही, तो माणसागणिक बदलतो.

आपल्याकडेही हे वेगळं घडत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ जणांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात हरियाणा आणि गुजरातचे प्रत्येकी ३३, पंजाबचे ३० आणि महाराष्ट्राचे तिघे होते. बेड्या घातलेली माणसं दिसल्यावर इथे संताप झाला आणि तो रास्त होता, निदान मला तरी फार लागलं. पण ओहायोतल्या एखाद्या माणसाला फोनवर ‘बेकायदा राहणारे’ असं विचारतात तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ते विमान नसतं. कदाचित त्याने टीव्हीवर पाहिलेली सीमेवरची रांग असते. त्यामुळे एकाच प्रश्नाचं उत्तर देताना दोघे वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत असतात.

काळाबरोबर मत बदललं का? हो, आणि झपाट्याने. गॅलप दरवर्षी विचारते की स्थलांतर वाढावं, कमी व्हावं की आहे तेवढंच राहावं. २०२४ मध्ये ‘कमी व्हावं’ म्हणणारे ५५ टक्के होते, २०२५ मध्ये ३० टक्केच उरले. रिपब्लिकनांमध्ये तर हा आकडा ८८ वरून ४८ वर आला. स्थलांतर देशासाठी चांगलं आहे म्हणणारे ७९ टक्के झाले, गॅलपच्या नोंदींतला तो उच्चांक. राज्यशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर व्लेझियन यांनी १९९५ मध्ये जनमताला थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान आपोआप ताळ्यावर ठेवणाऱ्या उपकरणाची, उपमा दिली होती. सरकार एका दिशेला जोरात गेलं की लोक म्हणतात, आता पुरे. मधल्या काळात सीमेवरची गर्दी ओसरली आणि शहरांमधल्या धाडी बातम्यांत आल्या, त्यामुळे चिंतेचा विषयच बदलला. याच गॅलप पाहणीत ट्रम्प यांच्या स्थलांतरविषयक कामगिरीवर ३५ टक्के समाधानी होते, ६२ टक्के नाराज. कडक सीमा हवी असलेले, पण धाडींची पद्धत न पटलेले लोक त्या ६२ मध्ये आहेत. त्यामुळे हा आकडा खुल्या सीमांच्या बाजूने मोजू नका. बायडन यांच्या काळातली नाराजी थेट हद्दपारीच्या बाजूने मोजणाऱ्यांनी हीच चूक केली.

‘हजार लोकांना विचारून ३४ कोटींचं काय कळणार’ ही शंका सोडून द्या. नमुना नीट निवडला तर हजारात साधारण तीन टक्क्यांची वर-खाली होते, बस. खरी अडचण ‘भारतीयांचं मत’ सांगणाऱ्या बातम्यांत असते. अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक दीड टक्क्याच्या आसपास आहेत, म्हणजे हजाराच्या नमुन्यात जेमतेम पंधरा. पंधरा माणसांवरून टक्केवारी काढणं मला तरी मान्य नाही. त्यासाठी वेगळी पाहणी लागते. कार्नेगी एन्डाउमेंट ही अभ्याससंस्था आणि यूगव्ह ही सर्वेक्षण कंपनी यांनी २०२४ मध्ये ७१४ भारतीय-अमेरिकन नागरिकांची केली तशी. लक्षात घ्या, तीही नागरिकांचीच. व्हिसावर असलेला तुमचा भाचा त्यातही नाही.

म्हणून त्याच्याबद्दल. गॅलपचा ‘कमी व्हावं’वाला प्रश्न कायदेशीर आणि बेकायदा असा भेद करत नाही, त्यामुळे ३० टक्क्यांवरून एच-वन-बीचं भविष्य वाचता येत नाही. शिवाय ७८ टक्क्यांचा पाठिंबा असूनही नागरिकत्वाचा मार्ग देणारा कायदा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, झालेला नाही. जनमताचा वारा अनुकूल झाला म्हणून उद्या कुणाची तपासणी टळत नाही. अठरा वर्षांवरच्या बिगर-नागरिकाने नोंदणीचा पुरावा सोबत बाळगावा हा तिथला जुना कायदा आहे आणि २०२५ पासून त्याच्यावर पुन्हा जोर दिला जातोय. भाच्याला सांगा, आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाची अधिकृत नोंद, हाच तो पुरावा) छापील प्रत पाकिटात ठेव, मुदत कधी संपते ते बघ आणि नोकरी बदलायची असेल तर राजीनामा देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेट.

तुम्ही वाचलेल्या आणखी एखाद्या पाहणीचा आकडा खटकत असेल, तर मूळ प्रश्नाच्या शब्दांसकट इथे टाका. त्यावर सविस्तर लिहीन.