फंक्शन द्यायचं की चालवायचं?

प्रश्न : मी दोन वर्षं जावास्क्रिप्ट लिहितेय, फॉर लूपवर हात चांगला बसलाय. पण टीममधले सगळे मॅप (प्रत्येक घटक बदलून नवा अ‍ॅरे देणारं), फिल्टर (अटीत बसणारे घटक निवडणारं), रिड्यूस (सगळ्या घटकांचं मिळून एकच उत्तर काढणारं) वापरतात. त्यांचा कोड वाचला की कळतो, स्वतः लिहायला बसलं की बोटं परत फॉरकडेच वळतात, आणि रिड्यूस तर डोक्यावरूनच जातं. परवा १, २, ३ हे आकडे स्ट्रिंग म्हणून असलेल्या अ‍ॅरेवर मॅप लावून त्याला पार्सइंट, म्हणजे स्ट्रिंगमधून पूर्णांक काढणारं फंक्शन, दिलं तर उत्तर आलं १, नॅन, नॅन (नॅन म्हणजे 'हा आकडाच नाही'). हे असं का? आणि सुरुवात नक्की कुठून करू?

उत्तर : पार्सइंटपासूनच करूया, कारण तुमची सगळी अडचण त्या एका ओळीत आहे. मॅपला तुम्ही फंक्शन दिलंत, ते चालवलं मात्र मॅपने, आणि मॅप फंक्शन चालवताना नुसता घटक देत नाही, तो घटक, त्याचा इंडेक्स आणि अख्खा अ‍ॅरे अशा तीन गोष्टी देतो. बहुतेक फंक्शनं पहिली घेतात आणि बाकीच्या सोडून देतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पण पार्सइंट दुसरी गोष्टही घेतं, आणि आकडा कुठल्या पायात वाचायचा (१० म्हणजे दशमान, २ म्हणजे बायनरी) ते त्यावरून ठरवतं. पहिल्या वेळी इंडेक्स ०, तो दिलाच नाही असं धरून ते नेहमीसारखं १० च्या पायात वाचतं, म्हणून १ बरोबर आला. दुसऱ्या वेळी पाया १, असा पाया चालत नाही, नॅन. तिसऱ्या वेळी पाया २, आणि बायनरीत ३ हा अंकच नसतो, परत नॅन! मॅपला नंबर हे फंक्शन द्या, किंवा एकच घटक घेऊन १० च्या पायात पार्सइंट करणारं आपलं छोटं फंक्शन द्या, काम होईल.

म्हणून कुठलंही हायर-ऑर्डर फंक्शन, म्हणजे दुसरं फंक्शन घेणारं किंवा परत देणारं फंक्शन, समोर आलं की स्वतःला विचारा, माझं फंक्शन कोण चालवणार, कधी चालवणार आणि त्याच्या हातात काय देणार? नवीन माणूस अडतो तो इथेच. ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या सेटटाइमआउटला फंक्शनचं नाव देताना पुढे कंस लावला की ते तिथल्या तिथे चालतं आणि टायमरच्या हाती फक्त त्याचं उत्तर पडतं, ही चूक मी इतक्यांच्या कोडमध्ये बघितलीय की आता पहिली नजर कंसावरच जाते. नुसतं नाव म्हणजे फंक्शन दिलं, नाव आणि कंस म्हणजे चालवलं.

आता बोटांची सवय. त्यासाठी मॅप वापरू नका, मॅप स्वतः लिहा. फॉर लूपने दोन फंक्शनं लिहा, एक अ‍ॅरेतला प्रत्येक आकडा दुप्पट करणारं, दुसरं प्रत्येक नावाची लांबी काढणारं, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. रिकामा अ‍ॅरे तोच, लूप तोच, पुश तोच, फरक काय तो पुशच्या कंसात काय लिहिलंय एवढाच. तेवढा तुकडा बाहेर काढून पॅरामीटर करा, झाला तुमचा मॅप. फिल्टरही असाच, तिथे इफची अट बाहेर येते. एकदा हे हाताने केलं की पुढचा फॉर लिहितानाच तुम्हाला दिसायला लागतं की यातला नेहमीचा भाग कुठला आणि आपला कुठला.

रिड्यूस अवघड वाटतं ते त्याच्या नावामुळे, असं मला वाटतं. बेरीज करताना तुम्ही लूपच्या आधी 'एकूण' नावाचं व्हेरिएबल ० करता आणि प्रत्येक फेरीत बदलता ना, ते व्हेरिएबल म्हणजे रिड्यूसमधला पहिला पॅरामीटर. फेरीतून जे रिटर्न कराल ते पुढच्या फेरीत 'एकूण' म्हणून येतं. फंक्शनला महिरपी कंस घालून आत रिटर्न लिहायला विसरलात तर पुढच्या फेरीत अनडिफाइंड येतो. आणि सुरुवातीची किंमत द्याच, ती नसेल आणि अ‍ॅरे रिकामा निघाला तर सरळ टाइप एरर येते. 'एकूण' आकडाच हवा असंही नाही, ऑब्जेक्ट चालतो, शब्द किती वेळा आले ते मोजायला तोच लागतो.

मात्र हट्टाने प्रत्येक लूप मोडू नका. मधेच थांबायचं असेल तर फोरईचमध्ये ब्रेक चालत नाही, तिथे फाइंड किंवा सम (some, बेरजेचं sum नव्हे) बघा, नाहीतर साधा फॉर ठेवा. तीन मजली रिड्यूसपेक्षा तो कितीतरी वाचनीय असतो.

फंक्शनला फंक्शन देणं ही कालची फॅशन आहे असंही समजू नका. गणितज्ञ अलोन्झो चर्चचं लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे फंक्शनांचं गणित, १९३० च्या दशकातलं, लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवरच्या १९६० च्या पेपरात जॉन मकार्थीने मॅपसारखं मॅपलिस्ट दिलेलं आहे, आणि जावामध्ये (जावास्क्रिप्टहून वेगळी भाषा) लॅम्डा, म्हणजे बिननावाची फंक्शनं, आले २०१४ साली, जावा ८ मध्ये.

मॅप-फिल्टर जमले की फंक्शन परत देणारं फंक्शन लिहून बघा. 'गुणक' नावाचं, ३ दिल्यावर तिप्पट करणारं फंक्शन परत देणारं. गुणक तर चालून संपलं, मग तो ३ आत कसा टिकला? आतलं फंक्शन बाहेरची किंमत अशी धरून ठेवतं, याला क्लोजर म्हणतात. ते तिप्पट फंक्शन तुम्ही स्वतः लिहिलेल्या मॅपला देऊन बघा, आणि अडलात तर कोडसकट परत लिहा.