८ जीबी रॅमच्या विंडोज लॅपटॉपवर सी प्लस प्लसमध्ये अँड्रॉइड गेम बनवायचाय, काय काय इन्स्टॉल करू?

तुम्ही लिहिलंय की युनिटी (तयार गेम इंजिन) नकोय, सी प्लस प्लस बऱ्यापैकी येतं, पण अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर (पीसीवर चालणारा नकली फोन) एकदम चालू केले की लॅपटॉप हँग होतो. माझं म्हणणं एकच, गेम आधी पीसीवर चालला पाहिजे. विंडो फोनच्या आकाराची ठेवा, माऊसच्या क्लिकला टच समजा आणि रोजचं सगळं काम तिथेच करा, फोनचं बिल्ड दिवसातून एकदा घेतलं तरी पुरे. पीसीवर एक ओळ बदलली की काही सेकंदात गेम समोर, फोनला मात्र दरवेळी कंपाइल, मग ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड टूल), मग एपीके (अ‍ॅपची इन्स्टॉल फाइल), मग इन्स्टॉल, आणि ८ जीबीत हे सगळं फार रखडतं.

यासाठी एसडीएल घ्या. १९९८ पासूनची लायब्ररी आहे, फुकट आहे, विंडो, टच, साउंड सगळं एकाच कोडमध्ये दोन्हीकडे चालतं. नव्याने सुरू करताय तर एसडीएल ३ च घ्या, फक्त नेटवरचे बरेच ट्यूटोरियल २ चे आहेत आणि फंक्शनची नावं बदललीत, तेवढं बघा. बिल्डसाठी सीमेक (काय कसं कंपाइल करायचं ते ठरवतं) आणि निंजा (ते भराभर चालवतं). पीसीवरही क्लँग हाच कंपायलर वापरा, कारण एनडीकेमधून (अँड्रॉइडसाठी सी प्लस प्लस कंपाइल करायचा गूगलचा संच) जीसीसी हा दुसरा कंपायलर २०१८ मध्येच काढून टाकलाय, फोनलाही क्लँगच आहे, म्हणजे एरर-वॉर्निंग दोन्हीकडे बऱ्यापैकी सारख्या येतील.

स्टुडिओ नसला तरी चालतं. अँड्रॉइडची कमांड लाइन टूल्स, जेडीके १७ (जावाचा संच, ग्रेडलला लागतो), आणि एसडीके मॅनेजरने (त्याच टूल्समधला डाउनलोडर) प्लॅटफॉर्म, बिल्ड टूल्स, प्लॅटफॉर्म टूल्स, एनडीके, बस. पाथमध्ये स्पेस किंवा मराठी अक्षरं अजिबात नकोत. एनडीके आर२८ किंवा पुढचंच घ्या, १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरला अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट करणाऱ्या अ‍ॅपमध्ये १६ केबी पेजचा (फोनच्या मेमरीच्या तुकड्याचा आकार) सपोर्ट लागतो आणि आर२८ मध्ये तो आपोआप मिळतो. एसडीएलच्या सोर्समध्ये अँड्रॉइड-प्रोजेक्ट नावाचं तयार फोल्डर आहे, त्याची कॉपी करून त्यात आपला कोड टाका. एम्युलेटर नकोच, घरातला एखादा जुना फोन यूएसबीला लावा, बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि यूएसबी डिबगिंग चालू करा.

आता खरी मेहनत कुठे आहे सांगतो, पीसीवर छान चाललेला गेम फोनवर वेगळा वागतो. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी चालतं, अँड्रॉइडला नाही. गेमची चित्रं एपीकेच्या आत असतात, साध्या एफओपनने उघडत नाहीत, एसडीएलचीच फाइल फंक्शन्स पहिल्या दिवसापासून वापरा. साधा कॅर टाइप पीसीवर साइन्ड (उणे आकडेही घेणारा) असतो, एआरएमवर म्हणजे फोनच्या प्रोसेसरवर अनसाइन्ड, तिथे -१ शी तुलना केली असेल तर ती कधीच खरी होणार नाही. शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डवर चालणारा छोटा प्रोग्राम) मीडियमपी (मध्यम प्रिसिजन, म्हणजे अचूकता) लिहिलं तर पीसीचं ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळा पूर्ण प्रिसिजनच देतं, फोन खरंच कमी देतो, म्हणून टेक्स्चर थरथरताना दिसलं तर आधी हायपी (जास्त प्रिसिजन) करून बघा. आणि मध्येच फोन आला, गेम बॅकग्राउंडला गेला की सिस्टिम तो कधीही बंद करू शकते, त्यामुळे सेव्ह त्याच क्षणी झालं पाहिजे.

आयफोनचा विचार असेल तर मॅक आणि एक्सकोड लागतंच.

फोनवर क्रॅश झाला की एडीबी लॉगकॅटचं (फोनचा लॉग पीसीवर दाखवणारी कमांड) आउटपुट एनडीके-स्टॅक या एनडीकेमधल्याच टूलला द्या, कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत ते कळतं, फक्त प्रत्येक बिल्डच्या स्ट्रिप न केलेल्या (डिबगची माहिती न काढलेल्या) एसओ फाइल्स, म्हणजे कंपाइल झालेला कोड, जपून ठेवा.