रोबो कपाटात ठेवला की गणित सुटेल का?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. गणिताचा पेपर राहिलेला, शिवाय चालू सत्राचे विषय होतेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याने आल्या आल्या विचारलं, "मॅडम, बाबा म्हणतात रोबोपायी अभ्यास बुडतो. सगळं सामान देऊन टाकू का?" रोबो म्हणजे काळ्या रेषेवरून धावणारी छोटी गाडी: पाच इन्फ्रारेड सेन्सर, दोन मोटर, एक मायक्रोकंट्रोलर (गाडी चालवणारी छोटी संगणक-चिप).

हा प्रश्न मुलांपेक्षा पालकांकडून जास्त येतो. टेबलावर पसरलेल्या वायरी सगळ्यांना दिसतात, म्हणून दोष छंदावर जातो. पण आधी मोजायला हवं. त्याला आठवडाभर अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायला सांगितली. काय केलं एवढंच लिहायचं, त्यावर शेरा नाही. नोंद दर दोन-तीन तासांनी करायची, कारण रात्री एकदम लिहायला बसलं की दिवस जसा जायला हवा होता तसा कागदावर उतरतो.

नोंदीत रोबोला नऊ तास होते, बहुतेक शनिवार-रविवारचे. गणिताला अकरा. मग पेपर का राहिला? त्या अकरा तासांत तो सोडवलेली उदाहरणं वहीत उतरवत होता आणि व्हिडिओ बघत होता. वही सुंदर होती. "बघताना सगळं कळतं, पेपरात मात्र सुरुवातच सुचत नाही," तो म्हणाला. ही तक्रार फार मुलांची असते. समोर उत्तर असताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, पण पुढची ओळ स्वतः काढायचा सराव झालेलाच नसतो.

वही मिटून एकच उदाहरण सोडवायला दिलं: लाप्लास ट्रान्सफॉर्म (अशा इक्वेशनला साध्या बीजगणिताचं रूप देणारी पद्धत) वापरून दुसऱ्या ऑर्डरचं डिफरन्शियल इक्वेशन. तो दोन ठिकाणी अडला. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा ट्रान्सफॉर्म घेताना इनिशियल कंडिशनची, म्हणजे सुरुवातीच्या क्षणी दिलेल्या किमतींची, पदं गळाली, आणि पार्शल फ्रॅक्शन करताना, म्हणजे मोठा अपूर्णांक सोप्या अपूर्णांकांत फोडताना, वर्ग असलेल्या फॅक्टरसाठी दोन पदांऐवजी एकच लिहिलं. "मला गणित येत नाही" असं तो म्हणत होता. या उदाहरणात कच्च्या होत्या या दोनच जागा.

रोबोच्या बाबतीत हाच मुलगा नेमका वागत होता. मोटर सुरू होताच कंट्रोलर रीसेट व्हायचा, तेव्हा त्याने आधी व्होल्टेज मोजलं. मोटरने सुरुवातीला जास्त करंट ओढल्यामुळे ते खाली बसत होतं. मोटरला वेगळा सप्लाय दिला, ग्राउंड मात्र एकत्र ठेवला, मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. एका वेळी एकच बदल आणि लगेच तपासणी. गणितात ही तपासणी थेट निकालाच्या दिवशी होत होती. म्हणून छंद काढून घेण्याऐवजी त्यातली शिस्त अभ्यासात आणायचं ठरलं.

पद्धत अशी ठरली. सोडवलेलं उदाहरण एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर वीस मिनिटं झगडायचं. अडलं तर फक्त पुढची एक ओळ बघायची, पुन्हा मिटायचं आणि अडलेल्या जागी लाल खूण करायची. वेगळ्या वहीत त्या चुकीचं कारण लिहायचं: सूत्र आठवलं नाही, पद्धत निवडता आली नाही, हिशेब चुकला की प्रश्नच नीट वाचला नाही. प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. सूत्र विसरणाऱ्याने पन्नास उदाहरणं घासून उपयोग नाही, आणि पद्धत न सुचणाऱ्याने सूत्रं पाठ करून नाही. तेच उदाहरण दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा. एका बैठकीत धडे मिसळायचे, कारण पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचं नाव छापलेलं नसतं.

सुरुवातीला हा अभ्यास जड जातो आणि आपण मागे पडतोय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

रोबोलाही सीमा घातली. दिवसाचे तास ठरवणं सोपं असतं. खरा त्रास "पाच मिनिटांत होईल" म्हणत रात्रीचा एक वाजण्याचा. चूक सापडली नसली की डोकं तिथेच अडकतं. म्हणून शेवटची दहा मिनिटं लिहिण्यासाठी राखली: काय चालतंय, संशय कशावर आहे, पुढची चाचणी कोणती. एवढं कागदावर आलं की सामान उचलता येतं. परीक्षेआधीचे दोन आठवडे रोबो पूर्ण बंद, आणि त्या महिन्यात स्पर्धेत नाव द्यायचं नाही. रोबोचे तास गणिताच्या खात्यात धरायचे नाहीत, हेही स्पष्ट केलं. डॅम्पिंग रेशो (डुलणं किती लवकर शमतं ते सांगणारा आकडा) ०.२ असताना दुसऱ्या ऑर्डरची सिस्टिम सुमारे ५३ टक्के ओव्हरशूट करते, म्हणजे ठरल्या जागेच्या तेवढी पुढे जाते, आणि ०.५ ला सुमारे १६ टक्के, हे गाडीच्या डुलण्यावरून समजून घेणं छानच; पण पेपरात इक्वेशन सोडवावंच लागतं.

वडिलांशी वेगळं बोलणं झालं. "किती तास बसलास?" याऐवजी "आज कुठे अडलास?" असं विचारायला त्यांना सुचवलं. किती तास बसलास असं विचारलं की मुलं बसून दाखवतात.

प्रत्येक वेळी गोष्ट अभ्यासाच्या पद्धतीची नसते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली असेल, मित्र तुटले असतील, आवडत्या छंदातही मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. जीव नकोसा झाल्याचं बोलणं निघालं तर त्याच दिवशी, आणि तोवर मुलाला एकटं सोडायचं नाही.

दीड महिन्यानंतर या मुलाच्या चुकांच्या वहीत "पद्धत सुचली नाही" जवळजवळ दिसेनासं झालं होतं. उरल्या होत्या हिशेबाच्या चुका. त्यासाठी एक सवय लावली: उत्तर आलं की त्यात वेळ शून्य घालून इनिशियल कंडिशन परत मिळते का ते बघायचं. अर्धं मिनिट लागतं, आणि नाही मिळाली तर बहुतेकदा चूक पार्शल फ्रॅक्शनमध्ये सापडते.