तोच गेम, वाढलेला खेळाडू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बालपणी आवडलेले व्हिडिओ गेम आणि मोठेपणी बदललेली आवड या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत. प्रश्नांचा आशय मात्र बदललेला नाही.

प्रश्न : शाळेत असताना 'सुपर मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' हे दोन गेम मी आणि माझा धाकटा भाऊ तासन्‌तास खेळत असू. अलीकडे जुन्या गेमचा एक संच मी हौसेने विकत घेतला, परंतु अर्ध्या तासातच कंटाळून बाजूला ठेवला. ते गेम मुळातच सुमार होते, की माझीच आवड मेली आहे?

उत्तर : गेम सुमार नव्हते, याबद्दल शंका बाळगू नका. 1985 साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण गेम 40 किलोबाइटमध्ये मावला होता; आज फोनवर काढलेला एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट जागा व्यापतो. जागेची ओढाताण इतकी होती, की त्यातला आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती असून केवळ तिचा रंग बदललेला आहे. असे असूनही शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी पहिल्याच टप्प्याची रचना अशी केली, की एकही सूचना न वाचता खेळाडूला सारे कळावे. समोरून चालत येणारा पहिला शत्रू उडी मारायला भाग पाडतो. ठोकळ्यातून निघालेले मशरूम पाइपला धडकून उलट आपल्याच दिशेने येते आणि ते अंगाला लागल्यावरच समजते, की ते मारक नसून तारक आहे.

तथापि इतक्या कमी जागेत लांबलचक गेम बसवणे शक्य नसे. म्हणून त्या काळच्या अनेक गेमनी लांबीची उणीव काठिण्याने भरून काढली. 'कॉन्ट्रा' तर 1987 मध्ये मुळात नाणे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रासाठी तयार झाला आणि त्या यंत्राची कमाई खेळाडू लवकर हरण्यावर अवलंबून होती. घरच्या कन्सोलवरही तीन लाइफ आणि एका गोळीत एक लाइफ गारद, हा हिशेब कायम राहिला. 'वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए' ही कळ दाबून 30 लाइफ मिळवण्याची युक्ती तुम्हालाही पाठ असेलच. कळांचा हा क्रम कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात 1986 च्या 'ग्रॅडियस' या गेमसाठी घातला होता, कारण चाचणी घेताना तो गेम त्यांना स्वतःलाच झेपेना. निर्मात्यालाच जो गेम अवघड वाटला, त्याच पठडीतल्या गेमला मुलांनी एवढा वेळ दिला याचे कारण सरळ आहे : हाताशी मोजकेच गेम होते, सुट्टी मोठी होती आणि शत्रू कोठून येणार हे पाठ करत एकेक टप्पा पुढे सरकण्यातच खरी मजा होती.

आता तुम्ही तो गेम पुन्हा लावता, तेव्हा यांतले फारसे काही शिल्लक नसते. अर्धा नकाशा आठवतो, त्यामुळे कुतूहल उरत नाही. बोटे विसरलेली असतात, त्यामुळे हार मात्र पूर्वीइतकीच होते. शिवाय साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला आयुष्यभर अधिक ठळकपणे आठवतात, असे मानसशास्त्रातील संशोधन सांगते. त्या आठवणीशी स्पर्धा करणे कोणत्याही गेमला अवघडच जाणार. आणि पत्रात तुम्ही भावाचा उल्लेख केलात, पण संच घेतल्यावर त्याला बोलावल्याचे मात्र लिहिले नाही. 'कॉन्ट्रा' हा दोघांनी खेळण्याचा गेम आहे, एकट्याने खेळल्यास त्याची निम्मी गंमत जाते, असे माझे ठाम मत आहे. दोघांसाठी काही नवे हवे असल्यास 2017 चा 'कपहेड' पाहावा. पळत पळत गोळ्या झाडण्याचा जुनाच प्रकार त्यात आहे, परंतु चित्रे 1930 च्या दशकातील व्यंगचित्रपटांच्या धर्तीवर हाताने रेखाटलेली आहेत. तो निर्दयपणे अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : माळ्यावर जुना कन्सोल सापडला. कॅसेटमध्ये फुंकर मारली की गेम चालू होत असे, ते शास्त्रीयदृष्ट्या खरे होते का? आणि 'डक हंट'ची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही?

उत्तर : फुंकरीचा उपयोग नव्हता. कन्सोलमधील जोडणीच्या पिना सैल झाल्याने संपर्क तुटत असे आणि कॅसेट काढून पुन्हा बसवताना तो कधीकधी जुळून येई; श्रेय मात्र फुंकरीला मिळाले. उलट श्वासातील दमटपणामुळे धातूची टोके गंजतात, म्हणून निन्तेन्दो कंपनीनेही तसे न करण्याची सूचना दिली होती.

बंदुकीचे कारण निराळे आहे. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा संवेदक बसवलेला असतो. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो प्रकाश संवेदकाला नेमक्या त्याच वेळी दिसला, तरच नेम लागला असे धरले जाते. ही सारी जुळवाजुळव जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेली असल्याने, चित्र दाखवायला किंचित उशीर करणाऱ्या आजच्या सपाट पडद्यावर बंदूक आंधळी ठरते.

प्रश्न : माझे वय 43 आहे. ऐन विशीत 'काउंटर-स्ट्राइक' या गोळीबाराच्या गेममध्ये मला हरवणे कठीण असे. आता ऑनलाइन खेळायला बसलो की तरुण मुले पहिल्या मिनिटातच मला बाद करतात. सराव वाढवावा, की हा नाद सोडावा?

उत्तर : सरावाने थोडा फरक पडेल, पण वयाशी भांडण करू नये. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये 'स्टारक्राफ्ट 2' खेळणाऱ्या 16 ते 44 या वयोगटातील 3,305 खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. पडद्यावर काही नवे दिसल्यापासून त्यावर पहिली कृती करेपर्यंत लागणारा वेळ वयाच्या 24 व्या वर्षापासूनच हळूहळू वाढू लागतो, असे त्यांना आढळले. म्हणजे तुमची घसरण चाळिशीत सुरू झालेली नाही. ती तुमच्या लक्षात आता आली आहे एवढेच.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. वयाने मोठे खेळाडू सोप्या डावपेचांचा आधार घेऊन आणि गेममधील सोयी अधिक कौशल्याने वापरून ही उणीव भरून काढत असावेत, अशी चिन्हे त्यात दिसली. तेव्हा जिथे चाप आधी कोण ओढतो यावर निकाल लागतो, तिथून थोडे बाजूला व्हावे. 1999 चा 'एज ऑफ एम्पायर्स 2' हा डावपेचांचा गेम 2019 मध्ये नव्या रूपात आला आणि आजही जोमाने खेळला जातो. 'काउंटर-स्ट्राइक' सोडवतच नसेल, तर अनोळखी मुलांऐवजी जुन्या सवंगड्यांबरोबर खेळावे; तेही तुमच्याइतकेच मंदावले असतील.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये सोपी पातळी निवडण्याचा संकोच अनेक जुन्या खेळाडूंना वाटतो आणि तो मला अनाकलनीय आहे. 2018 च्या 'सेलेस्टे'मध्ये गेमचा वेग कमी करण्याची मुभा आहे, तर 2020 च्या 'हेडीस'मध्ये प्रत्येक मृत्यूनंतर तुमची सहनशक्ती वाढवत नेणारा पर्याय आहे. 30 लाइफची युक्ती वापरताना तुमच्या पिढीला कधी लाज वाटली नव्हती.

प्रश्न : मी हल्ली फक्त 'स्टारड्यू व्हॅली' खेळते. माझे यजमान म्हणतात, की शेतात पाणी घालणे हा काही गेम नव्हे. लहानपणी मात्र मीही मारिओच खेळत असे, पण राजकन्येला सोडवण्यापेक्षा गुप्त खोल्या शोधण्यात मला अधिक रस होता. आवड इतकी बदलू शकते का?

उत्तर : तुमच्याच पत्रावरून दिसते, की ती फारशी बदललेली नाही. रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये एकाच जगात अनेकांनी मिळून खेळायच्या गेमचा अभ्यास करून खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले : उद्दिष्टे गाठणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतरांवर मात करू पाहणारे. ही विभागणी काटेकोर मानण्याचे कारण नाही, कारण बहुतेकांत हे स्वभाव मिसळलेले असतात. पण तुम्ही बालपणीही धुंडाळणाऱ्यांपैकीच होतात, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. त्या काळी असा स्वभाव जोपासण्याची सोय मारिओच्या एखाद्या पाइपात दडलेली असे. आता संपूर्ण गेमच त्यासाठी रचले जातात.

'स्टारड्यू व्हॅली' हा 2016 चा गेम एरिक बॅरोन यांनी संगीतापासून चित्रांपर्यंत एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ खपून घडवला. पाणी घालणे हे त्यातले केवळ वरवरचे काम आहे. कोणते पीक कोणत्या ऋतूत घ्यावे, मर्यादित शक्ती कोठे खर्च करावी आणि गावातील कोणाला काय आवडते, यांचा मेळ घालणे हा खरा डाव आहे. दिवसभराच्या कामानंतर, केलेल्या श्रमाचे फळ खात्रीने हाती येते अशा जगात अर्धा तास काढावासा वाटणे मला अगदी स्वाभाविक वाटते. यजमानांना एक पूर्ण ऋतू खेळून दाखवायला सांगावे आणि नंतरच वाद घालावा.

तुमच्या शोधक वृत्तीसाठी आणखी एक गेम सुचवतो. मारिओचे निर्माते मियामोतो लहानपणी घराच्या आसपासच्या रानात आणि गुहांत भटकत असत आणि त्या भटकंतीतून त्यांना 1986 च्या 'लेजेंड ऑफ झेल्डा'ची कल्पना सुचली. त्याच मालिकेतील 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये सुरुवातीचे पठार ओलांडले की जो डोंगर दिसेल तो चढता येतो. राजकन्या त्यातही आहेच. तिला वाट पाहायला लावण्यास कोणाची हरकत नसते.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला माझे बालपणीचे गेम दाखवावेत अशी फार इच्छा होती. ती दहा मिनिटे बसली आणि 'बाबा, यात काहीच करता येत नाही' म्हणून उठून गेली. ती 'माइनक्राफ्ट' खेळते. कोठून सुरुवात करावी?

उत्तर : तिचे म्हणणे तिच्या दृष्टीने बरोबर आहे. 2011 पासून पूर्ण रूपात उपलब्ध असलेल्या 'माइनक्राफ्ट'मध्ये जग खणता येते, बांधता येते, मोडता येते. त्यानंतर केवळ उजवीकडे धावणारा गेम तिला बंदिस्त वाटणारच. म्हणून तुम्हाला प्रिय असलेल्या गेमपासून नव्हे, तर नियम एका वाक्यात सांगता येईल अशा गेमपासून सुरुवात करावी. अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्कोत तयार केलेल्या 'टेट्रिस'ला कोणतीही प्रस्तावना लागत नाही. त्याची 1989 ची निन्तेन्दोवरील आवृत्ती डिसेंबर 2023 मध्ये एका 13 वर्षांच्या अमेरिकन मुलाने इतकी पुढे नेली, की गेमच गोठून बंद पडला. ही हकिकत तिला आधी सांगावी. मुलांना यंत्र हरल्याची गोष्ट आवडते.

त्यानंतर 1980 चा 'पॅक-मॅन' घ्यावा. त्यातील चार भुते रंग सोडल्यास सारखीच दिसली तरी प्रत्येकाची चाल वेगळी आहे. लाल भूत थेट पाठलाग करते, गुलाबी भूत पॅक-मॅनच्या चार घरे पुढे नेम धरून वाट अडवू पाहते. उरलेल्या दोघांचे गुपित तिलाच शोधायला द्यावे, तुम्ही सांगू नये. जुने गेम मिळवणे हीदेखील एक अडचण आहे : 2010 पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिले. 'टेट्रिस' आणि 'पॅक-मॅन' मात्र सहज मिळतील. दोन्हींचे डाव थोडक्यात आटोपतात, त्यामुळे आलटून पालटून खेळता येईल आणि तिची पाळी संपली की तिच्या 'माइनक्राफ्ट'मध्ये नवशिक्या म्हणून तुम्हीही बसावे.