चौक ‘लिहितात’ ते का?

चिऊ,

वारली चित्रातली माणसं दोन त्रिकोणांचीच का, आणि इतकी सोपी चित्रं शिकायची तरी कशाला, असं तू विचारलंस. पहिल्याचं उत्तर देता देता दुसऱ्याचंही देते.

वारली लोक पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत राहतात. घराच्या भिंती कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाच्या, वरून शेणमातीनं लिंपलेल्या. त्यावर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठानं चित्र काढतात. रंग एकच, पांढरा. गोल आला सूर्य-चंद्रावरून, त्रिकोण डोंगरांवरून आणि झाडांच्या शेंड्यांवरून, असं सांगतात. चौकोन मात्र माणसानं देवासाठी आखलेली जागा. तिला चौक म्हणतात. लग्नघरी सवाशिणी तो भिंतीवर मांडतात, मधोमध पालघट, म्हणजे सुफलतेची देवी, असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, त्या वेळची गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि हे बघ, चौक ‘काढला’ असं ते म्हणत नाहीत, चौक ‘लिहितात’. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. जो समाज अक्षरं लिहीत नव्हता, त्यानं देव, पीक, लग्न सगळं या भिंतीवर लिहून ठेवलं. ते वाचता यायला हवं, म्हणून शिकायचं.

वाचायला शिकण्याचा सरळ मार्ग म्हणजे स्वतः लिहून बघणं. चार चमचे तांदूळ रात्रभर भिजव, पाणी काढून अगदी बारीक वाट, त्यात चमचाभर डिंकाचं पाणी घाल. दाटपणा साईच्या दुधाइतका हवा. पातळ झालं तर रेघ ओघळते आणि वाळल्यावर करडी दिसते. घट्ट झालं तर तडे जाऊन पोपडे सुटतात. सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते: ओलं पीठ फिकट दिसतं, म्हणून लगेच दुसरा हात देतात. थांबायचं. वाळलं की ते आपोआप पांढरं होतं. कुंचला म्हणून बांबूची बारीक काडी घे, तिचं टोक चावून किंवा ठेचून तंतू मोकळे कर. भिंतीऐवजी तपकिरी कागद चालेल.

आता माणूस. वरचा त्रिकोण टोक खाली, खालचा टोक वर. दोन्ही टोकं जिथं भेटतात ती कंबर. सगळी करामत या एका बिंदूत आहे. वरचा त्रिकोण पुढं कलवला की माणूस पेरणी करतो, मागं कलवला की ओझं ओढतो, डावी-उजवीकडं झुकवला की नाचतो. दोन्ही त्रिकोण एका सरळ रेषेत ठेवलेस तर माणूस खांबासारखा उभा राहतो, आणि नवख्याचं चित्र मेलेलं दिसतं ते यामुळंच. नाक-डोळे नसतात, कोण काय करतंय ते अंगाच्या कलावरून कळतं. डोक्यावर अंबाड्याचा ठिपका दिला की बाई.

पूर्वी हे लग्नापुरतं आणि बायकांच्या हातचं काम होतं. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं वारल्यांच्या हाती कागद दिला आणि जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेरची, रोजच्या जगण्याची चित्रं काढली. जाळं टाकणारे कोळी, वारूळ, मुंग्या. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. चौकातली भाषा त्यांनी पुसली नाही, तीच वापरून नवं बोलले.

तारपा नाच, म्हणजे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर गोल फिरत केलेला नाच, काढून बघ. आधी मधोमध तारपा वाजवणारा काढ: दुधी भोपळ्याचं पोट, खाली रुंदावत जाणारा कर्णा. मग त्याच्यापासून बाहेर उलगडत जाणारी गोल रेघ पेन्सिलीनं हलकी आख आणि तिच्यावर एकेक माणूस लाव, प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या कमरेत. बाहेरून आत येऊ नकोस, शेवटी मधल्यांना जागा उरत नाही.

आई