कपाटातली वही आधी परत द्या

आपल्या पत्रात मुलीच्या परीक्षेतल्या गुणांविषयी दोन ओळी आहेत आणि तिच्या ‘हट्टा’विषयी दोन पाने. बारावीतल्या या मुलीला टेहळणीसाठी आणि दळणवळणासाठी अतिउंचावर सोडल्या जाणाऱ्या बलूनवर काम करायचे आहे. त्यावर आपण ‘फुग्यांमागे आयुष्य घालवणार का?’ असे विचारून तिची वही कपाटात कुलूपबंद केली आणि संगणक अभियांत्रिकीच घेईन असे तिच्याकडून वदवून घेतले. मला तिच्या गुणांची काळजी वाटत नाही, त्या कुलपाची वाटते. आपणच लिहिता की हवामान खात्याचे बलून दिवसातून दोनदा जे वारे मोजतात, त्यांच्या उंचीनुसार नोंदी तिने आठ महिने त्या वहीत उतरवून घेतल्या आहेत. कोणी न सांगता एवढे करणाऱ्या मुलीला हट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

बलून वाऱ्यावर भरकटतो आणि बलूनमधून इंटरनेट पुरवणारा गूगलचा ‘लून’ प्रकल्प बंद पडल्यावर हे क्षेत्रच संपले, ही आपली समजूत चुकीची आहे. सुमारे २० किलोमीटर उंचीवर निरनिराळ्या थरांत वारे निरनिराळ्या दिशांनी वाहतात. लूनचे बलून आत हवा भरून किंवा सोडून खाली-वर होत आणि सोयीचा वारा धरत. त्यांतला एक तब्बल ३१२ दिवस आकाशात राहिला. २०२१ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला तो आर्थिक गणित जुळेना म्हणून. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवरून गेलेला चिनी बलून पाडायला लढाऊ विमान धाडावे लागले, आणि मे २०२५ मध्ये आपल्या डीआरडीओने याच कामांसाठीच्या एअरशिपची, म्हणजे फुग्यासारख्या तरंगत्या यानाची, सुमारे १७ किलोमीटर उंचीवर चाचणी घेतली.

प्रवेश परीक्षांचा मार्ग आपल्याला ठाऊकच आहे. ‘बलून’ नावाची पदवी शोधू नये. एरोस्पेस, मटेरियल सायन्स, वातावरणशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी कोणत्याही दाराने येथे येता येते, आणि वाऱ्यांच्या अंदाजावरून बलूनचा मार्ग ठरवणारे प्रोग्रॅम लिहावे लागतात म्हणून संगणकाच्या दारानेही. तेव्हा आपण सुचवलेली शाखा वाईट नाही, ती लादण्याची रीत वाईट आहे.

शाखेविषयी मी आज काही सांगणार नाही. वही तिला परत द्या, तिच्याशेजारी बसून कोणतेही एक पान उघडा आणि त्या दिवशी बलून पूर्वेला न्यायचा असता तर तो किती उंचीवर ठेवला असतास, एवढे विचारा. त्यानंतर मला पुन्हा लिहा. ते पत्र तिच्या हातचे असले तर अधिक बरे.